महोत्सव संपल्यानंतर काय उरते?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

महागाई, शेतमालाचे भाव, असंघटित कामगारांचे कायदे अशा विषयांच्या मालिकेत जाझ संगीताच्या महोत्सवाचे अर्थकारण हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पंचतारांकित हॉटेलात वाजणारे, मूठभरांनी ऐकावयाचे हे परदेशी संगीत. त्याच्याशी आपल्या चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न एका तरुण कार्यकर्त्याने मला कालच विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

मी संगीताचा जाणकार नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, आणि अर्थशास्त्राला कोणत्याही व्यवहाराविषयी तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय असते: खर्च कोण करतो, लाभ कोणाला होतो, आणि व्यवहार संपल्यानंतर मागे काय उरते? शनिवार-रविवार गाठून भरणारा, काही स्थानिक व काही पाहुणे कलावंत यांना एका मंचावर आणणारा महोत्सव हा आज जगभर सांस्कृतिक जीवनाचा रूढ प्रकार झाला आहे. म्हणून हे तीन प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत.

हे संगीत कोणाचे?

प्रथम त्या तरुण मित्राच्या शंकेकडे वळतो. जाझ हे धनिकांचे संगीत नव्हे. गुलाम म्हणून अमेरिकेत आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी प्रामुख्याने न्यू ऑर्लिन्स शहरात, मजुरीची गाणी, प्रार्थना, ब्लूज आणि लष्करी बँडची वाद्ये यांच्या मिश्रणातून ते घडवले. ज्यांना मालमत्तेचा, मताचा, शाळेचा अधिकार नाकारला गेला, त्यांनी निर्माण केलेली ही संपत्ती आहे. ती पुढे धनिकांच्या दिवाणखान्यात गेली हे खरे. परंतु कापसाचेही तसेच झाले. पिकवणारा एक आणि नेसणारा दुसरा, म्हणून कापसाचा प्रश्न आपण सोडून देत नाही.

शिवाय या संगीताचा आपल्या परंपरेशी एक धागा जुळलेला आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील उपाहारगृहात, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी, शांतपणे जाऊन बसले. त्या सत्याग्रहाचे लोण महिन्या-दोन महिन्यांत दक्षिणेतील अनेक शहरांत पसरले. त्याच वर्षी मॅक्स रोच या तालवादकाने स्वातंत्र्याच्या मागणीवर एक दीर्घ संगीतरचना ध्वनिमुद्रित केली आणि तिच्या वेष्टनावर उपाहारगृहातील अशाच सत्याग्रहींचे छायाचित्र छापले. पुढे १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे अशाच एका गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश करू पाहणाऱ्या डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली होती. लोहिया ज्या दारात उभे राहिले, त्याच दारासाठी हे वादक वाजवीत होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना करणाऱ्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव कोठून घेतले, हे तर आपणांस ठाऊकच आहे.

न्यूपोर्टचा बंगला आणि न्यूपोर्टचे कुंपण

आता महोत्सवाकडे येऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात न्यूपोर्ट नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे, कोळसा व बँका यांतून गब्बर झालेल्या घराण्यांनी उन्हाळा घालवण्यासाठी येथे समुद्रकाठी राजवाडे बांधले. १७ व १८ जुलै १९५४ या शनिवार-रविवारी तेथील टेनिस क्लबच्या आवारात पहिला जाझ महोत्सव भरला. गावातील लोरिलार्ड या श्रीमंत दांपत्याने पुढाकार घेतला, आणि बॉस्टन शहरात संगीताचा क्लब चालवणारा पियानोवादक जॉर्ज वाइन याने आखणी केली. धुराने कोंदलेल्या मद्यगृहातून जाझला बाहेर काढावे, अभिजात पाश्चात्य संगीताला मिळतो तसा मोकळ्या हवेतील सन्मानाचा मंच त्याला मिळावा, हा हेतू होता. हेतू चांगला होता, आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. दोन दिवसांत दहा हजारांहून अधिक श्रोते आले.

परंतु श्रोत्यांचा लोंढा पाहून क्लबने पुढील वर्षी जागा नाकारली. लोरिलार्डांनी घेतलेल्या मोठ्या बंगल्यात महोत्सव भरवण्यासही धनिक शेजाऱ्यांनी विरोध केला. मग महोत्सव गावातील एका क्रीडांगणावर गेला. संगीत हवे, पण संगीत करणारा व ऐकणारा माणूस शेजारी नको, ही वृत्ती आपल्याकडच्या वाचकाला अपरिचित नाही. आपल्याकडेही वाजंत्री मांडवाबाहेर बसत आणि त्यांचे पान वेगळे मांडले जाई.

या क्रीडांगणावर ७ जुलै १९५६ रोजी जे घडले ते जाझच्या इतिहासात नोंदलेले आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाला तेव्हा उतरती कळा लागली आहे असे मानले जात होते. त्या रात्री पॉल गोन्साल्व्हिस नावाच्या सॅक्सोफोनवादकाने एका रचनेच्या मध्यंतरात सलग सत्तावीस आवर्तने वाजवली. श्रोते खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले, आणि एलिंग्टनच्या कीर्तीला नवे वळण मिळाले. हा गोन्साल्व्हिस शेजारच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावी जन्मला होता. त्याचे आईवडील केप व्हर्ड बेटांचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील वसाहतीतून आलेले. गोव्यातील कित्येक वादकांचे जे आडनाव, तेच त्याचे. एकाच साम्राज्याने दोन समुद्रांवर दिलेले हे आडनाव आहे. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

महोत्सव वाढला. प्रेक्षक वाढले, तिकिटांचे उत्पन्न वाढले, आणि त्याबरोबर कलावंतांमधील अंतरही वाढले. ज्यांच्या नावावर गर्दी जमते अशा थोड्या मोठ्या नावांना भरघोस बिदागी, आणि ज्यांच्या प्रयोगशीलतेवर या संगीताचे भवितव्य अवलंबून, त्यांना त्या मानाने तुटपुंजी रक्कम, असा प्रघात पडला. १९६० साली याविरुद्ध उघड बंड झाले. चार्ल्स मिंगस हा कॉन्ट्राबास वाजवणारा श्रेष्ठ रचनाकार आणि मॅक्स रोच यांनी त्याच गावात, त्याच दिवसांत, समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर स्वतंत्र महोत्सव उभा केला. ऑर्नेट कोलमन, केनी डॉरहॅम यांच्यासारखे तरुण तेथे होते आणि कोलमन हॉकिन्स, जो जोन्स यांच्यासारखे ज्येष्ठही होते. वादकांनी स्वतःच मंच उभारला, तंबू ठोकले, तिकिटे विकली आणि कुंपणाबाहेर उभे राहून ऐकणाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली. श्रोते काही शेच होते. परंतु किती पैसे आले व कोणाला किती मिळाले, हे तेथे प्रत्येक वादकाला माहीत होते.

त्याच शनिवारी, २ जुलै १९६० रोजी, मुख्य महोत्सवाच्या क्रीडांगणाबाहेर प्रवेश न मिळालेल्या हजारो तरुणांनी दंगल केली. हे तरुण बहुतांशी गोऱ्या, सुखवस्तू घरांतील महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांच्या हातात बिअरच्या बाटल्या होत्या. अश्रुधूर सोडावा लागला, लष्करी दलाला पाचारण करावे लागले. नगरपरिषदेने उरलेला महोत्सव रद्द केला. रविवारी दुपारी ब्लूजचा तेवढा एक कार्यक्रम झाला, आणि श्रोत्यांत बसलेला कवी लँग्स्टन ह्यूज याने निरोपाचे गीत तेथल्या तेथे लिहून वादकांच्या हाती दिले. धुडगूस घातला कोणी आणि रोजगार बुडाला कोणाचा, हे लक्षात घ्या. हॉटेलच्या हिरवळीवरील बंडखोरांचा छोटा महोत्सव मात्र शांतपणे पार पडला.

या बंडातून वादकांचा एक संघही निघाला. तो फार काळ टिकला नाही. त्याची कारणे शोधणे आपल्यासारख्या संघटनेत काम करणाऱ्यांना उपयोगाचे आहे. बंड एका शनिवार-रविवारापुरते होते. वर्षभराचे काम, हिशेब, सभासद, कार्यालय यांची व्यवस्था त्यामागे नव्हती. रागातून मंच उभा राहतो, संस्था उभी राहण्यास रोजचे कष्ट लागतात.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जॉर्ज वाइन हा कोणी खलपुरुष नव्हता. तो स्वतः वादक होता, वर्णद्वेषाचा विरोधक होता, त्याची पत्नी जॉइस कृष्णवर्णीय होती. २०२१ साली त्याचे निधन झाले तेव्हा अनेक वादकांनी त्याच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. म्हणूनच न्यूपोर्टचे उदाहरण अधिक बोलके आहे. प्रश्न माणसाच्या चांगुलपणाचा नव्हता, रचनेचा होता. चांगल्या माणसाच्या हाती असलेली सदोष रचनाही सदोष फळेच देते.

अर्थशास्त्र काय सांगते?

ही रचना अशी का होते? १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. कारखान्यात यंत्रे सुधारली की एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि वेतनवाढ त्यातून भागते. परंतु चार वादकांनी अर्ध्या तासाची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितके मनुष्यश्रम लागत, तितकेच आजही लागतात. निम्म्या वेळेत ती उरकता येत नाही, एक वादक कमी करता येत नाही. मात्र वादकालाही भाजी, घरभाडे, मुलांचे शिक्षण आजच्याच भावाने घ्यावे लागते. परिणामी प्रत्यक्ष सादर होणारी कला इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते. तिकीट वाढवावे तर सामान्य श्रोता तुटतो, न वाढवावे तर वादक उपाशी राहतो. बाजारावर सोपवून हा पेच सुटत नाही.

१९८१ साली शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने दुसरी बाजू मांडली. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, दूरचित्रवाणी यांमुळे एकाच कलावंताचा आवाज कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचतो. मग गुणवत्तेत थोडाच फरक असला तरी उत्पन्नात प्रचंड फरक पडतो. पहिल्या दहा जणांकडे सर्व ओघ जातो आणि अकराव्यापासून दुष्काळ सुरू होतो. महोत्सवाचा आयोजक याच तर्काने वागतो. पाहुण्या कलावंताच्या नावाने तिकिटे खपतात, म्हणून खर्चाचा मोठा वाटा विमानभाडे, हॉटेल व बिदागी यांत जातो. स्थानिक वादकाला संध्याकाळच्या उन्हात, रिकाम्या खुर्च्यांपुढे, पहिली वीस मिनिटे मिळतात. वर त्याला सांगितले जाते की, अहो, एवढ्या मोठ्या मंचावर संधी मिळाली हेच तुमचे मानधन!

दोन उपाय, दोन अनुभव

या पेचावर उपाय नाहीत असे नाही. दोन प्रत्यक्ष अनुभव सांगतो.

पहिला कामगार संघटनेचा. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. त्यांचे म्हणणे असे की, वादक एकदा वाजवतो, एकदाच पैसे घेतो. ती तबकडी मात्र वर्षानुवर्षे वाजत राहते आणि त्याच वादकाच्या रोजगाराला मारक ठरते. तेव्हा प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत यावी. महायुद्धाचा काळ होता, वृत्तपत्रांनी देशद्रोहाचे आरोप केले, तरी संप दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि मोठ्या कंपन्यांना अखेर निधी मान्य करावा लागला. पुढे १९४७ च्या कामगारविरोधी कायद्याने संघटनेच्या हातातील निधी बेकायदा ठरवला. तेव्हा १९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला आणि स्वतंत्र विश्वस्ताच्या देखरेखीखालील निधीची तडजोड निघाली. त्यातून उद्याने, शाळा, रुग्णालये येथे जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले आणि त्यांत वाजवणाऱ्या स्थानिक वादकांना संघटनेच्या दराने वेतन मिळू लागले. यंत्राने हिरावलेल्या रोजगाराची भरपाई यंत्राच्या नफ्यातून करावयाची, हे तत्त्व त्यामागे होते. आज यंत्राकडूनच गाणी रचून घेण्याचा काळ आला असताना हे तत्त्व पुन्हा उजळून घेण्यासारखे आहे.

दुसरा अनुभव न्यू ऑर्लिन्सचा. १९७० च्या एप्रिल महिन्यात त्या शहरात जाझ व वारसा महोत्सव सुरू झाला. जागा निवडली ती काँगो चौकाची, म्हणजे एके काळी गुलाम माणसे रविवारी एकत्र जमून जेथे नाचत-गात, त्याच मैदानाची. पहिल्या वर्षी श्रोते इतके थोडे होते की वादक व इतर सहभागी यांची संख्या त्यांच्याहून अधिक भरली. आखणी करणारा पुन्हा तोच जॉर्ज वाइन. परंतु या वेळी महोत्सवाची मालकी शहरातील एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे होती. कार्यक्रमाचा कणा स्थानिक वादक, स्थानिक मिरवणुकीचे बँड, चर्चमधील गायकवृंद आणि स्थानिक स्वयंपाक करणारे यांचा. पाहुणे त्यांच्या जोडीला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तेथील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, की संस्कृती आमची आणि कारभार दुसऱ्यांचा, हे चालणार नाही. आणि त्यांनी कारभारात व आवारात आपला वाटा मिळवला. आज हा महोत्सव वसंत ऋतूत दोन आठवड्यांच्या अखेरीस भरतो. त्याच्या उत्पन्नातून ते प्रतिष्ठान मुलांना विनामूल्य संगीत शिकवणारी शाळा चालवते, तसेच शहराच्या संगीताला वाहिलेले एक नभोवाणी केंद्रही त्याच्याच मालकीचे आहे.

हा महोत्सव निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिकिटे महागली आहेत, तेल कंपनीचे व बँकांचे फलक तेथेही लागले आहेत. परंतु मागे काय उरते, या माझ्या तिसऱ्या प्रश्नाला तेथे उत्तर आहे. एक शाळा उरते.

धोबी तलावचा हिशेब

आता मुंबईकडे येतो. मुंबईचा जाझशी संबंध नव्वद वर्षांहून जुना आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपला वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आणला. त्यापाठोपाठ टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. पुढे तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि तेथेच १९४५ मध्ये पटकीने वारला. या पाहुण्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात रोजगार निर्माण केला नाही, पण चर्चला जोडलेल्या शाळांमधून गरीब घरच्या मुलांना स्वरलिपी वाचता येऊ लागली. पोटासाठी ती मुले मुंबईला आली, धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावच्या कुडांमध्ये एका पेटीएवढ्या जागेवर राहिली आणि रात्री साहेबांच्या मेजवान्यांत वाजवू लागली. आल्डोना गावचा ट्रम्पेटवादक चिक चॉकोलेट हा त्यांतलाच.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आपल्यातील अनेकांचा दारूबंदीला मनःपूर्वक पाठिंबा होता आणि त्यामागची कामगारांच्या संसाराची कळकळ खरीच होती. परंतु रात्रीची हॉटेले ओस पडली तेव्हा तेथे वाजवणाऱ्या माणसाचे काय होणार, याचा विचार ना सरकारने केला, ना समाजसुधारकांनी. हे वादक चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. पुणतांब्याचे मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटातील ठेक्यांना चिक चॉकोलेट आणि त्याच्या साथीदारांचा हात लागला आहे. संगीतकार चाल सांगे. ती पन्नास वाद्यांसाठी कागदावर उतरवण्याचे काम बहुधा गोव्याचा संयोजक करी. श्रेयनामावलीत त्याचे नाव आले तर साहाय्यक म्हणून, अन्यथा तेही नाही. वेतन पाळीवर, पुढील उत्पन्नात वाटा शून्य.

मजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्व्हिस यांचे उदाहरण पाहा. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. रागसंगीताला पाश्चात्य वाद्यवृंदाच्या रचनेत बसवण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले आणि १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर्स महाविद्यालयात तसे कार्यक्रम केले. पैशाचे पाठबळ नव्हते, प्रयोग टिकला नाही. १९७७ मध्ये शिष्याने कृतज्ञतेने त्यांचे नाव एका चित्रपटातील पात्राला व गाण्याला दिले. ते नाव देशातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. माणूस मात्र २०१२ साली निधन होईपर्यंत बहुतेकांना अज्ञातच राहिला. न्यूपोर्टच्या गोन्साल्व्हिसला सत्तावीस आवर्तनांसाठी का होईना, मंच मिळाला. मुंबईच्या गोन्साल्व्हिसला त्याच्या नावाएवढीही जागा मिळाली नाही.

आणि तिसरे गोन्साल्व्हिस आहेत ते सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्व्हिस. त्यांना ज्या महोत्सवाने व्यापक श्रोतृवर्ग दिला, तो म्हणजे फेब्रुवारी १९७८ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'जाझ यात्रा'. निरंजन झवेरी आणि त्यांचे सहकारी यांनी केवळ आवडीपोटी हा डोलारा उभा केला. धोबी तलावजवळच्या रंगभवनात, खुल्या आकाशाखाली, सॉनी रोलिन्स, क्लार्क टेरी, जपानचे सादाओ वातानाबे यांसारखे पाहुणे वाजवून गेले. १९८० मध्ये स्टॅन गेट्झ आले. त्याच काळात लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्व्हिस आणि दाक्षिणात्य संगीताच्या कलावंतांनी एकत्र येऊन रागांवर आधारलेला नवा जाझ घडवला आणि तो परदेशातही नेला. पाहुण्यांमुळे स्थानिकांना बळ मिळू शकते याचा हा पुरावा आहे. म्हणून परक्यांना बोलावू नका असे म्हणणारा संकुचितपणा मला मान्य नाही.

रंगभवनाचे वैशिष्ट्य असे की, ते हॉटेल नव्हते. ज्या कुडांमध्ये हे वादक राहत त्यांच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ते सार्वजनिक मालकीचे नाट्यगृह होते. परंतु शेजारी महाविद्यालय, रुग्णालये व न्यायालय असल्याने ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ते शांतता क्षेत्रात आले आणि ध्वनिक्षेपकासह होणाऱ्या कार्यक्रमांना बंद झाले. नियम चुकीचा नाही. रुग्णाची झोप हाही हक्कच आहे. पण एक सार्वजनिक मंच बंद करताना दुसरा देण्याची जबाबदारी कोणाला वाटली नाही. पोकळी बाजाराने भरून काढली. आज मुंबईत मोठा संगीत महोत्सव ऐकावयाचा तर घोड्यांच्या शर्यतीचे मैदान किंवा खाजगी प्रेक्षागृह, आणि तिकीट असे की गिरगावातील कारकुनाने महिन्याचा किराणा विसरावा.

दरम्यान ऐंशीच्या दशकापासून विजेवर चालणाऱ्या एका वाद्याने चित्रपटातील पन्नास वादकांचे काम सुरू केले आणि व्हायोलिन वाजवणारी माणसे घरी बसली. गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान मोर्चे निघाले. ध्वनिमुद्रणगृहांतील ही बेकारी कोणाच्या लक्षातही आली नाही.

आपण काय करावे?

मित्रहो, कार्यकर्त्यांसमोर बोलताना केवळ खंत व्यक्त करून थांबणे हा प्राध्यापकी चैनीचा प्रकार होईल. म्हणून चार सूचना मांडतो.

एक: नगरपालिका व महानगरपालिका यांच्या मालकीची खुली नाट्यगृहे, उद्याने व मैदाने यांचा काही भाग वर्षातून ठरावीक दिवस अल्प भाड्यात संगीतासाठी राखून ठेवावा, ही मागणी आपल्या नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या वेळी लावून धरावी. हे जाझपुरते नाही. त्यात शाहीर यावेत, बँडवाले यावेत, भजनी मंडळे यावीत.

दोन: जेथे कोणत्याही महोत्सवाला सार्वजनिक जागा, पोलीस बंदोबस्त, करसवलत किंवा अनुदान मिळते, तेथे स्थानिक कलावंतांना किमान बिदागी देण्याची आणि जमाखर्च प्रसिद्ध करण्याची अट असावी. जनतेच्या पैशाचा हिशेब जनतेला मिळाला पाहिजे, एवढेच हे तत्त्व आहे.

तीन: २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताचा उत्पन्नावरील हक्क मान्य झाला आहे. त्याचा लाभ प्रसिद्ध गायकांपर्यंत पोहोचू लागला; मागे बसून वाजवणाऱ्यापर्यंत तो पोहोचण्यासाठी संघटना हवी. बँडवाले, ढोलकीवाले, ऑर्केस्ट्रातील वादक हे असंघटित कामगारच आहेत. हमाल आणि घरकामगार संघटित होऊ शकतात, तर वादक का नाहीत?

चार: चळवळीने स्वतःचा मंच पुन्हा उभा करावा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने पैशाशिवाय केवढी जागृती केली, याचे स्मरण देण्याची गरज नाही. मिंगस आणि रोच यांनी हॉटेलच्या हिरवळीवर तंबू ठोकून जे केले, ते आपल्या कलापथकांनी देवळांच्या ओट्यांवर त्याआधीच केले होते. फरक एवढाच की, त्यांना संस्था टिकवता आली नाही, आणि आपल्याकडे संस्था राहिल्या पण मंच सुने पडले.

त्या तरुण मित्राला अखेरीस एवढेच सांगतो. संस्कृती हा भाकरीनंतरचा प्रश्न नव्हे. कित्येकांची ती भाकरीच आहे. यापुढे गावात, शहरात कोठेही महोत्सव भरला तर जरूर जा, मनमुराद ऐका, पाहुण्यांचे स्वागत करा. आणि परत येताना मांडव सोडणाऱ्या मजुराला, ध्वनिक्षेपक उचलणाऱ्या पोराला आणि वाद्य खांद्याला लावून बसची वाट पाहणाऱ्या स्थानिक वादकाला, आज काय मिळाले, एवढे अवश्य विचारा. आपले राजकारण त्या उत्तरापासून सुरू होते.